बॉम्ब वरून, मंजुरीही वरून

१९३९ च्या वसंतात ब्रिटनमधल्या पालिकांच्या कचेऱ्यांत सरकारी टपालाने छापील अर्जांचे गठ्ठे येऊन पडले. अर्ज दफनाचे होते, कोरे, आणि देशभरात मिळून दहा लाख. युद्धाला अजून तोंड फुटायचं होतं, पण तज्ज्ञांचा हिशेब तयार होता. जर्मन विमानं साठ दिवस बॉम्ब टाकणार, सहा लाख माणसं मरणार आणि त्याच्या दुप्पट जखमी होणार. एवढ्या शवपेट्यांचं लाकूड परवडायचं नाही, म्हणून सामुदायिक दफन आणि चुना असाही विचार झाला. काही पालिकांनी आपले सार्वजनिक तरणतलाव शवागारासाठी हेरून ठेवले.

प्रत्यक्षात सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडनमध्ये सुमारे २० हजार माणसं मेली. आकडा भयंकरच आहे, पण अंदाजाच्या जवळपासही नाही. त्याच काळात सुमारे १४ लाख लंडनकर, म्हणजे दर सहा माणसांमागे एक, कधी ना कधी बेघर झाले. त्यांच्यासाठी मात्र कुणी अर्ज छापून ठेवला नव्हता. मेलेल्यांची तजवीज करून बसलेल्या कचेऱ्यांच्या दारात धुळीने माखलेली, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेली जिवंत माणसं येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, आता आम्ही जायचं कुठे?

लंडनवरच्या हवाई हल्ल्यांचा विषय निघाला की चर्चिलची भाषणं निघतात, स्पिटफायर विमानं निघतात. पालिकेचा इंजिनिअर कुणाला आठवत नाही. पण त्या आठ-नऊ महिन्यांत शहर चालत राहिलं ते नळ, गटारं, कचरा, चहा आणि पांघरुणं यांच्या जोरावर, आणि हे सगळं पालिकांच्या अंगावर होतं. अंगावर होतं म्हणजे काम त्यांचं होतं. पैशाची गोष्ट वेगळी.

लंडन तेव्हा एका पालिकेचं शहर नव्हतं. वरच्या मजल्यावर लंडन काउंटी कौन्सिल होती. तिचा जन्म १८८९ चा, म्हणजे मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा तिच्याहून एका वर्षाने थोरला. तिच्या खाली २८ बरो, म्हणजे आपल्या हिशेबाने स्वतंत्र नगरपालिका, आणि मधोमध सिटी ऑफ लंडन हे जुनं संस्थान. शाळा, इस्पितळं, आगीचे बंब आणि मोठी गटारं काउंटीकडे. झाडलोट, कचरा, वाचनालयं, स्नानगृहं आणि गल्लीतली गटारं बरोंकडे. वेस्ट हॅम आणि टॉटनहॅमसारख्या दाट वस्त्या तर काउंटीच्या हद्दीबाहेर, आपापल्या स्वतंत्र पालिका घेऊन बसलेल्या. बॉम्बला हद्द कळत नाही; हिशेबनिसाला मात्र ती फार चांगली कळते.

या सगळ्यांचं पोट भरायचं ते घरपट्टीवर. घराचं वार्षिक भाडेमूल्य ठरवायचं आणि दर पौंडामागे इतके शिलिंग अशी आकारणी करायची. यातली मेख उघड आहे. श्रीमंत वस्तीत भाडेमूल्य जास्त आणि गरजू कमी. गरीब वस्तीत नेमकं उलट. पूर्व लंडनमधल्या पॉप्लर बरोने या अन्यायावर १९२१ मध्ये बंड केलं. जॉर्ज लान्सबरी आणि त्यांचे सहकारी, एकूण ३० नगरसेवक, काउंटीचा हिस्सा भरायला नकार देऊन तुरुंगात गेले आणि कायदा बदलून घेऊनच बाहेर आले. पण पॉप्लरने दुसराही एक धडा मागे ठेवला. पालिकेने कामगारांना बाजारभावापेक्षा जास्त पगार दिला, तेव्हा सरकारी लेखापरीक्षकाने तो जादा खर्च बेकायदा ठरवून नगरसेवकांच्या नावावर टाकला, आणि १९२५ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायासनाने ते उचलून धरलं. तेव्हापासून कुठलाही नवा खर्च मांडला, की सभेत कुणीतरी विचारणारच: हे ऑडिटमध्ये बसेल ना? पुढे जे घडलं ते समजायला हा प्रश्न कानात ठेवावा लागतो.

१९३७ च्या कायद्याने हवाई हल्ल्यांपासून बचावाची जबाबदारी, ज्याला सगळे ‘ए. आर. पी.’ म्हणत, पालिकांवर आली. खर्चापैकी साधारण ६० ते ७५ टक्के सरकार देणार, तेही मंजूर केलेल्या कामाला. उरलेला भार घरपट्टी भरणाऱ्यावर. बऱ्याच पालिकांना वाटलं, युद्ध सरकार करणार आणि त्याची वर्गणी आमच्या नळवाल्या, मासळीवाल्या नागरिकांनी द्यायची, हा कुठला न्याय? काहींनी या तक्रारीआड लपून वर्ष-दीड वर्ष काहीच केलं नाही. काहींनी मात्र सरकारला पेलणार नाही इतकं करून दाखवायचं ठरवलं.

फिन्सबरी ही त्यातली. मजूर पक्षाची, हट्टी आणि आधुनिकतेची हौस असलेली छोटी बरो. बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुशिल्पकाच्या टेक्टन या संस्थेकडून तिने १९३८ मध्ये एक देखणं आरोग्य केंद्र बांधून घेतलं होतं. त्याच संस्थेला, जोडीला ओव्ह अरूप हा इंजिनिअर देऊन, पालिकेने सांगितलं की आमच्या प्रत्येक नागरिकाला पुरतील असे निवारे आखा. १९३९ च्या सुरुवातीला आराखडा आला. जमिनीखाली खोल गेलेले पंधरा गोल निवारे, आत उतरायला जिना नाही तर मळसूत्रासारखा फिरत जाणारा उतार. हजारो माणसं काही मिनिटांत धक्काबुक्की न होता खाली जातील आणि युद्ध संपल्यावर तिथे गाड्या लावता येतील. लोकांनी प्रदर्शनात रांगा लावून नकाशे पाहिले. सरकारने मंजुरी नाकारली.

नाकारणारी माणसं आपल्या ओळखीची आहेत. खोल निवाऱ्यांचा विचार करायला नेमलेल्या परिषदेचे अध्यक्ष लॉर्ड हेली, पंजाब आणि संयुक्त प्रांताचे माजी गव्हर्नर. त्या वेळचे जबाबदार मंत्री सर जॉन अँडरसन, १९३२ ते १९३७ पर्यंत बंगालचे गव्हर्नर. आणि दुसऱ्या बाजूने खोल निवाऱ्यांसाठी रान उठवणारे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढे भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. स्पेनमधल्या यादवी युद्धात त्यांनी बॉम्बहल्ले डोळ्यांनी पाहिले होते. सरकारची कारणं अगदीच पोकळ नव्हती: सिमेंट, पोलाद आणि मजूर कारखान्यांना हवे होते, आणि खोल खणायला वेळ लागतो. पण कागदाआड आणखी एक भीती होती. जनता एकदा खाली गेली की वर कामाला येणारच नाही. ज्यांनी आयुष्यभर परक्या रयतेवर राज्य केलं, त्यांना आपल्या रयतेविषयीही हीच शंका यावी, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

त्याऐवजी आला अँडरसन निवारा. पन्हळी पत्र्याची कमान, घरामागच्या बागेत खड्डा खणून बसवायची आणि वर माती टाकायची. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी कमावणाऱ्याला फुकट, इतरांना सात पौंड. बाग असेल त्याच्यासाठी उत्तम सोय. स्टेपनी आणि बेथनल ग्रीनच्या चाळींत बाग कुठली? तिथे पालिकांनी रस्त्यातच विटांचे निवारे बांधले, वर काँक्रीटची जाड स्लॅब. १९४० मध्ये सिमेंटचा तुटवडा पडला. वरून आलेल्या परिपत्रकाची भाषा अशी गुळमुळीत होती, की काही पालिकांनी अर्थ लावला, नुसता चुना आणि वाळू चालेल. कंत्राटदाराला तर तो अर्थ आवडलाच. धक्का बसला की भिंती बाहेर ढकलल्या जायच्या आणि स्लॅब सपाट खाली यायची. वस्तीतल्या लोकांना हे पालिकेच्या सहीच्या कागदापेक्षा लवकर कळलं. त्यांनी विटांच्या निवाऱ्यांकडे पाठ फिरवली आणि भुयारी रेल्वेचं दीड पेन्सचं तिकीट काढून फलाटावर पथारी पसरली. सरकारने आधी मनाई केली, मग डोळेझाक केली, मग तिथे बंक बसवले. खोल निवारे नकोत म्हणणाऱ्या सरकारने त्याच हिवाळ्यात आठ खोल निवारे खणायला घेतले. त्यांतले जे लंडनकरांना उघडले गेले ते १९४४ मध्ये.

७ सप्टेंबर १९४० पासून जवळजवळ सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडले. सुरुवात गोदी आणि पूर्व लंडनच्या कामगार वस्त्यांपासून. वेस्ट हॅममध्ये घरं गेलेली शेकडो माणसं साउथ हॉल्सविल शाळेत आणून ठेवली. बस येतील आणि तुम्हाला सुरक्षित जागी नेतील, असं त्यांना सांगितलं होतं. बस आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर थेट बॉम्ब पडला. अधिकृत आकडा सत्तरच्या वर थोडासा. वस्तीतले लोक आजही शेकड्यांत बोलतात. ढिगारा पूर्ण न उपसताच जागा बंद केली गेली, तेव्हा खरा आकडा लागणार कसा?

शाळा हे त्या व्यवस्थेतलं ‘रेस्ट सेंटर’ होतं. नावातच तिची चूक होती. कल्पना अशी, की माणसं येतील, चार-सहा तास विसावतील, एक कप चहा घेतील आणि नातेवाइकांकडे जातील. काउंटीमध्ये ही केंद्रं सार्वजनिक साहाय्य खात्याकडे होती, आणि ते खातं म्हणजे जुन्या गरीबखान्यांचा वारस. गरीबखान्याचं शंभर वर्षांचं धोरण काय, तर आत इतकी गैरसोय ठेवायची की कुणाला राहावंसं वाटू नये. त्या धोरणाला साजेसंच सामान केंद्रांत ठेवलं होतं: पाव, मार्गारीन, डब्यातलं मांस, चहा. गरम जेवण द्यायचं नाही. चुली नाहीत, पांघरुणं मोजकी. एका केंद्रात दोनशे-तीनशे माणसांना शौचासाठी काही बादल्या आणि कोळशाची घमेली होती. रात्र सरता सरता ती भरून वाहायची. डबे उघडायला बोथट सुरी. सप्टेंबरअखेर अशा केंद्रांत सुमारे २५ हजार माणसं अडकून पडली होती, काही तासांसाठी आलेली आणि आठवडे झाले तरी न हललेली.

हलणार कुठे? हवाई हल्ल्यांच्या या बाजूचा सगळ्यात कसून अभ्यास रिचर्ड टिटमस यांनी सरकारी इतिहासमालेसाठी केला आणि त्यांचं पुस्तक १९५० मध्ये आलं. त्यातून कळतं, की या दुर्दशेचं मूळ एका प्रशासकीय वादात होतं: बेघर माणसाचा खर्च कुणाचा? तो ज्या हद्दीतला त्या पालिकेचा? ज्या हद्दीत आसऱ्याला आला तिचा? की युद्ध ज्याचं त्या सरकारचा? वर्षभर पत्रं फिरत राहिली. ज्याला पैसे परत मिळण्याची खात्री नाही, तो अधिकारी हजार पांघरुणं का विकत घेईल? ऑडिटमध्ये बसेल ना? घर गेलेल्या बाईला रेशनपुस्तकासाठी एका कचेरीत, कपड्यांसाठी दुसऱ्या, रोख मदतीसाठी तिसऱ्या आणि नव्या जागेसाठी चौथ्या कचेरीत जावं लागे. त्या कचेऱ्या एकमेकींपासून मैलावर, आणि मधले रस्ते बंद. पश्चिमेकडे श्रीमंतांची घरं रिकामी होती, ती ताब्यात घ्यायचा अधिकारही पालिकांकडे होता, पण मालकाला भरपाई आणि घराला डागडुजी म्हणजे पुन्हा खर्च.

मग सरकारने हात सैल सोडला. सप्टेंबरच्या अखेरीस हेन्री विलिंक यांना बेघरांसाठी खास आयुक्त नेमलं, केंद्रांचा खर्च तिजोरीने उचलला, आणि जे वर्षभरात झालं नव्हतं ते आठवड्यांत होऊ लागलं. खाटा आल्या, चुली आल्या, पगारी माणसं आली. काउंटी कौन्सिलने ‘लंडनर्स मील्स सर्व्हिस’ नावाने स्वयंपाकघरं उघडली. त्याच नमुन्यावर पुढे देशभर पालिकांची भोजनालयं निघाली. त्यांचं सरकारी नाव ‘सामुदायिक आहार केंद्र’ असं होतं. ते चर्चिलला इतकं रुक्ष वाटलं, की त्याने ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ करायला लावलं. नऊ पेन्सच्या आसपास मांस, भाजी, बटाटे आणि गोड असं पोटभर जेवण. १९४३ पर्यंत अशी दोन हजारांवर भोजनालयं झाली. पालिकेचे तेच अधिकारी, तीच कचेरी, तेच नगरसेवक. बदललं होतं फक्त बिल कुणाच्या नावावर जाणार ते.

एवढ्यावरून सगळा दोष वरच्यांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. स्टेपनीत सत्ताधारी पक्षाच्या नेत्यानेच ए. आर. पी.ची सूत्रं हाती ठेवली होती आणि कारभाराचा असा खेळखंडोबा केला होता, की सरकारला त्याला बाजूला करून बाहेरचा अधिकारी आणावा लागला. त्याच स्टेपनीच्या हद्दीत, स्पिटलफील्ड्सच्या फळबाजाराखालच्या तळघरात, मिकी डेव्हिस नावाचा जेमतेम सव्वातीन फूट उंचीचा चष्मेवाला होता. हजारो माणसं रात्री तिथे कोंबली जायची. त्याने त्यांची समिती निवडून घेतली, झाडलोटीच्या पाळ्या लावल्या, दवाखान्याचा कोपरा उभा केला. जे पालिकेने करायचं ते पालिकेवाचून झालं, आणि मग परदेशी पाहुण्यांना दाखवायला तेच तळघर नेमकं उपयोगी पडलं!

सेंट पॅनक्रास बरोत एक नगरसेवक होते, रात्री हेल्मेट घालून वॉर्डन म्हणून गस्त घालायचे आणि दिवसा पालिकेच्या वाचनालयांसाठी भांडायचे. व्ही. के. कृष्ण मेनन. स्वतंत्र भारताचे संरक्षणमंत्री म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि ते ओळखणं फारसं प्रेमाचं नाही. लंडनच्या त्या भागात त्यांचं नाव निघतं ते पुस्तकांसाठी.

कचऱ्याचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. काचांचे ढीग, विटांचे ढीग. शिवाय बोटींतून येणारं डुकरांचं खाद्य बंद झाल्यामुळे स्वयंपाकघरातला ओला कचरा एकदम मोलाचा झाला. रस्त्याच्या कोपऱ्यावर पालिकेने पिंपं ठेवली: बटाट्याची सालं, कोबीचे देठ, शिळा पाव यात टाका. टॉटनहॅमच्या पालिकेने तो कचरा मोठ्या भांड्यांत वाफेवर शिजवून घट्ट लापशी करायचं तंत्र बसवलं. थंड झाली की ती खरवसासारखी थिजे आणि वड्या पाडता येत. डुकरं पाळणारे ती विकत नेत. ‘टॉटनहॅम पुडिंग’ हे तिचं नाव देशभर झालं. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला आपल्या सोसायट्यांत किती वर्षं सूचना चिकटवाव्या लागतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या पुडिंगचं मोल कळेल.

सगळ्यात मोठी कामगिरी मात्र कुणाला दिसलीच नाही. लंडनचा बराच भाग थेम्सच्या भरतीच्या पातळीखाली आहे. नदीकाठची भिंत फुटली, की पाणी रस्त्यांत, तळघरांत आणि भुयारी रेल्वेत शिरणार. काउंटीचे मुख्य इंजिनिअर टॉमस पिअर्सन फ्रँक यांनी हे युद्धाआधीच ओळखलं होतं. त्यांनी दुरुस्तीची पथकं नदीकाठी ठिकठिकाणी सामानासह सज्ज ठेवली, धोक्याच्या जागी मुख्य भिंतीमागे दुसरी भिंत घातली. भिंतीवर बॉम्ब पडला, की पुढच्या भरतीच्या आत भगदाड बुजलंच पाहिजे. भरती बारा-साडेबारा तासांनी येते, आणि ती कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. म्हणून पथकाने आधी काम करायचं आणि कागद मागून जायचा. युद्धभर शंभराहून जास्त वेळा भिंतीला दणके बसले. लंडनमध्ये पूर आला नाही. जर्मनांना सुगावा लागू नये म्हणून सगळंच गुप्त होतं, त्यामुळे फ्रँक यांचं नाव लोकांना कळायला सत्तर वर्षं गेली. मला या माणसाविषयी जो आदर वाटतो तो इंजिनिअर म्हणून तर आहेच, पण खर्चाचा अधिकार संकटाच्या आधी खिशात घालून ठेवला, यासाठी जास्त आहे.

इतरांचा खिसा फाटतच चालला होता. गरीब पालिकांचं गणित दोन्ही बाजूंनी कोसळलं. घर पडलं, की त्याची घरपट्टी गेली. माणसं गाव सोडून गेली, की राहिलेल्या घरांचीही गेली. वेस्ट हॅम आणि स्टेपनीची लोकसंख्या निम्म्यावर आली. पण अर्ध्या रिकाम्या रस्त्यालाही गटार अख्खंच लागतं. शेवटी तिजोरीने उचल आणि अनुदानं देऊन या पालिका तगवल्या. दरम्यान काउंटीच्या वास्तुशिल्प खात्यातली माणसं मोठ्या नकाशांवर एकेका घराला हाताने रंग देत होती. काळा म्हणजे भुईसपाट, जांभळा म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे, लाल म्हणजे बरंच नुकसान, नारिंगी आणि पिवळा म्हणजे निभावलं. ते नकाशे आज छापील पुस्तकात मिळतात. पूर्व लंडनच्या पानांवर काळा आणि जांभळा रंग किती सढळ हाताने वापरलाय ते पाहिलं, की घरपट्टीच्या वसुलीचं काय झालं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

बेथनल ग्रीन ही अशीच एक गरीब बरो. पहिल्याच संध्याकाळी, ७ सप्टेंबरला, तिच्या वाचनालयावर बॉम्ब पडला. हद्दीत भुयारी रेल्वेचं एक अर्धवट बांधलेलं स्टेशन होतं. रूळ टाकायचे राहिले होते. ऑक्टोबर १९४० मध्ये पालिकेने ते निवारा म्हणून ताब्यात घेतलं. पाच हजार बंक बसवले आणि सात हजारांपर्यंत माणसं राहतील अशी सोय केली. पुढे तिथे उपाहारगृह आलं, दवाखाना आला, पाळणाघर आलं, नाटकाचा रंगमंच आला आणि रुळांच्या जागेवर फळ्या टाकून वाचनालयही आलं. जमिनीखाली पालिकेने एक गाव वसवलं, आणि ते चांगलं चालवलं.

वर मात्र एकच दार. रस्त्यावरून १९ पायऱ्या उतरायच्या, मग वळण, मग आणखी सात पायऱ्या. मध्ये रेलिंग नाही. ब्लॅकआउटमुळे एकच मिणमिणता दिवा. तोंडाशी लाकडी फळ्यांचं तात्पुरतं कुंपण. ऑगस्ट १९४१ मध्ये पालिकेने लंडन विभागाच्या नागरी संरक्षण कचेरीला लिहिलं: घाबरलेल्या जमावाचा लोंढा आला तर हे कुंपण टिकणार नाही, तिथे पक्की विटांची भिंत बांधू द्या. खर्च किरकोळ होता. उत्तर आलं, आहे तेच कुंपण बळकट करा, नव्या भिंतीवर पैसा घालवायचं कारण नाही. पालिकेने पुन्हा लिहिलं. विभागाचं मत बदललं नाही. नीट सांगायचं, तर पालिकेने मागितली होती ती भिंत. मधलं रेलिंग तिलाही तेव्हा सुचलं नव्हतं. पण त्या दारात गर्दी चेंगरू शकते हे तिने दीड वर्ष आधी लिहून दिलं होतं.

३ मार्च १९४३. दोन दिवसांपूर्वी ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर मोठा हल्ला केला होता, त्यामुळे बदला घेतला जाणार असं सगळे धरून चालले होते. रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी भोंगा झाला. दहा मिनिटांत सुमारे दीड हजार माणसं शांतपणे खाली गेली. ८:२७ ला जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानवेधी रॉकेटांचा मारा सुरू झाला. तो आवाज तिथल्या कुणी कधी ऐकला नव्हता. लोकांना वाटलं, नवाच बॉम्ब आला. वरची गर्दी पुढे सरकली. खाली, तळाजवळच्या पायरीवर, मूल कडेवर घेतलेली एक बाई अडखळून पडली. तिच्यावर दुसरा पडला. पंधरा-वीस सेकंदांत तीनशे माणसं त्या जिन्यात एकमेकांवर रचली गेली. वरून येणाऱ्यांना अंधारात काही दिसत नव्हतं, ते ढकलतच होते. १७३ माणसं गुदमरून मेली, त्यात ६२ मुलं. त्या रात्री बेथनल ग्रीनवर एकही बॉम्ब पडला नाही.

काही दिवसांत जिन्यात रेलिंगं बसली, पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या गेल्या. लॉरेन्स डन या दंडाधिकाऱ्याने गुप्तपणे चौकशी केली आणि महिना संपायच्या आत अहवाल दिला. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी तो दडपून ठेवला. शत्रूला आपल्या जनतेच्या मनोधैर्याविषयी काही कळता कामा नये, हे कारण. हे तेच मॉरिसन, ज्यांनी युद्धापूर्वी लंडन काउंटी कौन्सिल चालवली होती आणि वरून नाकारलेल्या मंजुरीची चव ज्यांना नवी नव्हती. १९४१ चा पत्रव्यवहार जाहीर करू द्या अशी पालिकेची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही. म्हणजे नगरसेवकांनी रस्त्यात लोकांच्या शिव्या खायच्या, आणि आपण काय लिहिलं होतं ते सांगायचं नाही. त्यांनी ते पाळलं.

१९४४ मध्ये त्या जिन्यात नवरा आणि मुलगी गमावलेल्या एका विधवेने पालिकेवर दावा लावला. कामकाजाचा काही भाग बंद दाराआड चालला. न्यायाधीशांनी पालिकेचा हलगर्जीपणा सिद्ध धरला, अपिलातही तोच निकाल कायम राहिला. जानेवारी १९४५ मध्ये डन यांचा अहवाल अखेर छापला गेला. एका खटल्यामागून बाकीचे दावे आले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ६० हजार पौंड भरपाई दिली गेली. दोषी म्हणून नाव बेथनल ग्रीन बरो कौन्सिलचं लागलं. पैसे सरकारने भरले, आणि या वेळी मंजुरीला उशीर झाला नाही.